कोलंबसचा शोफर – क्लेसी कमिन्स



मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला कोलंबस, इंडियाना हे गाव माहीत नाही असं सहसा होत नाही. कुणाचा भाचा तिथे असतो, कुणाची वर्गमैत्रीण, नाहीतर पुण्यातल्या शेजाऱ्यांचा मुलगा तरी दोन वर्षांच्या कामासाठी आलेला असतोच. इंडियानापोलिसहून आय-६५ ने दक्षिणेला पाऊण तास गेलं की हे छोटं टुमदार गाव लागतं. वास्तुशास्त्राची आवड असलेली मंडळी एलिएल सारिनेनने बांधलेलं चर्च पाहायला येतात. आपली मंडळी मात्र येतात ती कमिन्समुळे.

कमिन्स हे नाव पुणेकरांना नवीन नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, कोथरूडला कारखाना उभा राहिला, आणि कर्वे संस्थेच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही पुढे हेच नाव मिळालं. पण कमिन्स म्हणजे कोण, असं मी आमच्या मंडळाच्या पॉटलकला चार जणांना विचारलं, तेव्हा दोघांना ते गावाचं नाव वाटलं आणि एकाला चक्क बँकेचं! चौथे गृहस्थ तिथेच नोकरीला होते, म्हणून त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याशी झालेल्या गप्पांतून आणि नंतरच्या वाचनातून हा लेख तयार झाला. मी स्वतः कॉमर्सवाला. तेव्हा इंजिनिअर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

क्लेसी लाईल कमिन्स याचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, इंडियानातल्या हेन्री परगण्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. शिक्षण आठवीपर्यंत, ते कायमचं. पण पोर हातांनी विलक्षण होतं. अकराएक वर्षांचा असताना त्याने घरच्या घरी धातू वितळवून, साच्यात ओतून, चालणारं वाफेचं इंजिन बनवलं होतं. आपल्याकडे अशा मुलाला कारखान्यातल्या एखाद्या मामाकडे ‘हाताखाली’ ठेवतात. क्लेसीही असाच इंडियानापोलिसच्या मोटर कारखान्यांत कामं करत शिकला.

१९०८ मध्ये कोलंबसचे एक धनिक सावकार विल्यम ग्लँटन आयर्विन यांनी त्याला शोफर म्हणून ठेवलं. त्या काळचा शोफर म्हणजे निव्वळ चाक फिरवणारा माणूस नव्हे. मोटर दर दहा मैलांना रुसायची, तिला रस्त्यातच उघडून परत जोडणारा मिस्त्री म्हणजे शोफर. आयर्विनसाहेबांनी पोराचे गुण ओळखले आणि आपल्याच गाड्यांच्या गॅरेजमध्ये त्याला छोटंसं वर्कशॉप थाटू दिलं. गाड्या दुरुस्त करता करता तिथे लेथ आली, मग आणखी यंत्रं आली. १९११ मध्ये पहिली ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या रे हॅरूनच्या मार्मन गाडीच्या मदतनिसांत क्लेसी होता.

डिझेलचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारायचा. तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलने हे जर्मनीत १८९० च्या दशकात करून दाखवलं होतं, पण त्यातून झालेली इंजिनं म्हणजे घराएवढी धूडं. ती बोटीत बसत, वीजघरात बसत, रस्त्यावर येत नसत. सगळी मेख होती फवाऱ्यात. नेमकं किती इंधन, नेमकं कधी आणि किती बारीक थेंबांत आत सोडायचं? लहान इंजिनात हे साधायचं म्हणजे मोहरीएवढ्या इंधनाचा हिशेब दर फेऱ्याला ठेवायचा.

३ फेब्रुवारी १९१९ ला कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. कल्पना क्लेसीची, पैसा आयर्विनचा. ह्विद नावाच्या माणसाच्या पेटंटचा परवाना घेऊन शेतावर चालवायची छोटी इंजिनं बनवायची, असा बेत होता. नशिबाने सिअर्स कंपनीची मोठी मागणी आली. हजारो इंजिनं! सगळे खूष. पण सिअर्सचा नियम असा की माल पसंत नाही पडला तर परत करा, पैसे परत. शेतकरी हुशार. इंजिन न्यायचं, हंगामभर वापरायचं आणि कापणी झाली की परत पाठवायचं. (इथल्या दुकानांत पार्टीसाठी साडी... माफ करा, ड्रेस नेऊन सोमवारी परत करणारे आपल्याही माहितीत असतीलच!) त्यात इंजिनांतही खोटी होत्याच. परत आलेल्या मालाने कंपनीचं कंबरडं मोडलं.

पुढची दहा वर्षं म्हणजे आयर्विनसाहेबांनी पैसे ओतायचे आणि क्लेसीने ते जाळायचे, अशी गेली. एखादा बँकर इतका धीर धरतो हे मला कॉमर्सवाला म्हणून अजून पटत नाही. क्लेसीची पद्धतही खर्चिकच होती. त्याच्याकडे उष्णतेची समीकरणं नव्हती, असती तरी ती सोडवायला यंत्र नव्हतं. तो चित्र काढायचा, साचा करायचा, ओतायचा, जोडायचा, चालवायचा. तुटलं की का तुटलं ते बघायचं आणि पुन्हा ओतायचं. पंपाच्या एकेका भागासाठी असे कितीतरी फेरे. आणि इंजिन नीट जळतंय की नाही, हे कसं ओळखायचं? त्या काळच्या प्रत्येक डिझेल मिस्त्रीप्रमाणे कानाने आणि डोळ्याने. धूर काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. धूर पांढुरका म्हणजे नीट पेटलंच नाही. धूर दिसलाच नाही, की काम फत्ते!

ही ‘धूर दिसत नाही म्हणजे सगळं छान’ समजूत लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळं महाभारत झालं.

१९२९ साल उजाडलं आणि शेअर बाजार कोसळला. कंपनी बंद करायची वेळ आली. तेव्हा क्लेसीने एक जुनी पॅकार्ड लिमोझिन विकत घेतली, तिच्यातलं पेट्रोलचं इंजिन काढलं आणि बोटीसाठी बनवलेलं आपलं डिझेल इंजिन तिच्यात कसंबसं कोंबलं. नाताळच्या दिवशी गाडी आयर्विनसाहेबांच्या दारात उभी केली आणि साहेबांना फेरफटका मारायला बोलावलं. साहेब बसले, गाडी चालली, आणि कंपनी वाचली. अमेरिकेतली पहिली डिझेल मोटर ती हीच. मला वाटतं, जुना शोफर पुन्हा एकदा मालकाला फिरवून आणतोय, यातली गंमत दोघांनाही कळली असणार.

मग क्लेसी गप्प बसतोय कसला! जानेवारी १९३० मध्ये तो हीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटर प्रदर्शनाला निघाला. अंतर सुमारे ८०० मैल, इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. मंदीचे दिवस. हा आकडा वर्तमानपत्रांना पुरला. पुढच्या वर्षी डेटोनाच्या वाळूवर त्याने डिझेल गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळवली. त्याच वर्षी ‘इंडियानापोलिस ५००’ मध्ये त्याची गाडी उतरली. चालक डेव्ह इव्हान्स. गाडी तेरावी आली. तेरावी म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ती ५०० मैलांत एकदाही थांबली नाही. बाकीचे इंधनाला आणि टायरला थांबत होते, ही आपली संथपणे चालतच होती. त्या शर्यतीत असं पूर्वी कुणी केलं नव्हतं.

त्याच १९३१ मध्ये क्लेसीने आपलं इंजिन घातलेला ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत नेला. ३,२१४ मैल, इंधन ११ डॉलर २२ सेंटांचं. जाहिरातीला उत्तम. पण या प्रवासाच्या शेवटी कॅलिफोर्नियात कहोन घाटाचा मोठा उतार आहे. आपल्या बोरघाटात पूर्वी ट्रकवाले ब्रेकच्या वासाने हैराण व्हायचे, तसंच झालं. ब्रेक तापले आणि धरेनात. ट्रक सुटला. खाली रेल्वेचं फाटक, आणि फाटकातून मालगाडी जात होती! शेवटचा डबा रुळांवरून सरकला आणि मागोमाग यांचा ट्रक पलीकडे गेला. क्लेसी त्या ट्रकमध्ये होता. ही आठवण त्याने पंचवीस वर्षं मनात ठेवली. तिचं काय केलं ते पुढे येईल.

यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण यश वाचायला फारसं मजेदार नसतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रकवाल्यांनी पेट्रोलची इंजिनं काढून कमिन्सची डिझेल बसवायला सुरुवात केली. आयर्विनसाहेबांच्या भाचीचा मुलगा जे. आयर्विन मिलर १९३४ मध्ये कारभार बघायला आला. १९३७ मध्ये, स्थापनेनंतर अठरा वर्षांनी, कंपनीला पहिल्यांदा नफा झाला. अठरा वर्षं! १९४३ मध्ये आयर्विनसाहेब गेले. क्लेसी पुढे कॅलिफोर्नियात राहायला गेला आणि १९५५ मध्ये कंपनीतून निवृत्त झाला. मधल्या काळात, १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत, त्याचा भाऊ डॉन आणि मंडळींनी टर्बोचार्जर लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियनने तिला सर्वांत पुढची जागा मिळवून दिली. पण टर्बोचं हवा घेणारं तोंड खाली होतं, ते रस्त्यावरच्या टायरच्या कचऱ्याने तुंबलं आणि गाडी बाद झाली.

कॅलिफोर्निया म्हटल्यावर एका वेगळ्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा डोळे चुरचुरणारं धुकं पसरायचं. ते कशाचं, हे कुणाला कळेना. कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट हे हॉलंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ. आधी ते अननसाच्या वासावर काम करत होते! १९५० च्या आसपास त्यांनी दाखवून दिलं की मोटारी आणि तेलकारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की त्यातून ओझोन आणि इतर त्रासदायक द्रव्यं तयार होतात. नायट्रिक ऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडताना डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे धूर स्वच्छ दिसतोय आणि त्यातून नको ते जातंय, हे शक्य होतं.

क्लेसीच्या इंजिनाशी याचा संबंध काय? हे मला आमच्या कोलंबसच्या स्नेह्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालावर चित्र काढून समजावलं, ते जमेल तसं सांगतो.

हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण साधारण दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे तो ऑक्सिजनशी संग करू लागतो, आणि तापमान जसं चढेल तसं हे भराभर वाढतं. रशियन शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी ही साखळी १९४० च्या दशकात मांडली. डिझेलच्या ज्वाळेत तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. आता मायलेज हवं असेल तर इंधन वेळेवर, थोडं आधीच, कडक पेटलं पाहिजे. म्हणजे ज्वाळा तापणार, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड वाढणार. ज्वाळा थंड करावी, इंधन जरा उशिरा सोडावं, किंवा धुराड्यातला थोडा वायू गार करून परत आत घ्यावा, तर ऑक्साइड कमी होतात. पण मग काजळी नीट जळत नाही, धूर काळा होतो, आणि मायलेजही उतरतं. एक दाबलं की दुसरं वर येतं.

म्हणजे क्लेसीने ज्या गोष्टीसाठी आयुष्य वेचलं, १ डॉलर ३८ सेंटात ८०० मैल, तिच्याच पोटात हा अदृश्य दोष बसलेला होता. त्याच्याकडून चूक झाली असं मला म्हणायचं नाही. हा हिशेब त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याला विचारलं जायचं ते मैलाला किती पैसे, आणि त्याचं उत्तर त्याने अमेरिकेत सर्वांत चांगलं दिलं.

निवृत्त होऊनही क्लेसी वर्कशॉपमध्येच. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटोला राहत असताना त्याने कहोन घाटाचा बदला घेतला. इंजिन हवा दाबतं तेव्हा त्याला जोर लागतो. ती दाबलेली हवा पुढे स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, म्हणून उतारावर इंजिन फारसं अडवत नाही. क्लेसीची युक्ती अशी की हवा पुरती दाबली गेली की त्याच क्षणी बाहेरचा व्हाल्व्ह उघडून ती सोडून द्यायची. परत ढकलायला काही उरतच नाही. चाकांचा जोर हवा दाबण्यात खर्च होतो आणि ट्रक थोपवला जातो. व्हाल्व्ह नेमक्या क्षणी उघडायला त्याने नवीन यंत्रणा शोधली नाही. त्याच्या इंजिनात इंधन सोडायला एक वेगळा कॅम होताच, त्याचीच हालचाल उसनी घेतली. ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्ज कंपनीने १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आणला. हाच तो ‘जेक ब्रेक’. गावात शिरताना ‘इंजिन ब्रेक वापरू नये’ अशा पाट्या दिसतात ना, त्या या ब्रेकच्या फटफटाटामुळे. या ब्रेकने घाटांत किती ड्रायव्हर वाचवले असतील याची मोजदाद नाही, पण आवाजाची तक्रार मात्र गावोगाव पाटीवर लिहिलेली!

१९६७ मध्ये त्याचं आत्मचरित्र ‘माय डेज विथ द डिझेल’ प्रसिद्ध झालं. १७ ऑगस्ट १९६८ ला सॉसलिटोलाच तो वारला. वय ७९. पुढे त्याच्या मुलाने, लाईल कमिन्सने, इंजिनांच्या इतिहासावर जाडजूड पुस्तकं लिहिली.

१९७० च्या मॉडेलपासून मोठ्या डिझेल ट्रकच्या धुरावर अमेरिकेत मर्यादा आली आणि त्याच वर्षी स्वच्छ हवेचा मोठा कायदा झाला. सुरुवातीची मर्यादा दिसणाऱ्या धुराची होती. ती क्लेसीलाही समजली असती. नंतर आकडे न दिसणाऱ्या गोष्टींचे येऊ लागले. १९९० मध्ये मोठ्या ट्रकच्या इंजिनाला दर अश्वशक्ती-तासाला ६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत. २०१० पर्यंत ही मर्यादा ०.२ ग्रॅमवर आली. म्हणजे तिसावा हिस्सा! काजळीच्या कणांची मर्यादा १९८८ मध्ये ०.६ ग्रॅम होती, ती २००७ मध्ये ०.०१ झाली, म्हणजे साठावा हिस्सा.

आता ‘ओता, चालवा, तोडा, पुन्हा ओता’ ही क्लेसीची पद्धत पुरेना. पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा किती खोल, फवाऱ्याला भोकं किती, त्यांचा कोन काय, दाब किती, इंधन एकदम सोडायचं की दोन-तीन हप्त्यांत, अशा वीस गोष्टी. प्रत्येकाचे चार पर्याय धरले तरी सगळे ओतून बघायला जन्म पुरणार नाही. म्हणून धातू ओतायच्या आधीच, कागदावरच, इंजिन किती घाण सोडेल हे सांगता यायला हवं होतं. हे काम संगणकाकडे गेलं. लॉस अलामॉसच्या सरकारी प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘किवा’ नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. सिलिंडरमधल्या जागेचे हजारो बारीक कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात हवा किती तापली, थेंब कुठे गेला, किती वाफ झाली, किती जळालं, हे क्षणाक्षणाला मोजत जायचं. क्षण म्हणजे तरी किती? इंजिन मिनिटाला १८०० फेरे मारत असेल तर एक फेरा सेकंदाच्या तिसाव्या भागात होतो, आणि मुख्य जळण त्याच्याही साधारण दहाव्या हिश्शात आटोपतं.

यात नायट्रोजन ऑक्साइडचा हिशेब त्यातल्या त्यात बरा, असं आमचे स्नेही म्हणतात. तापमान बरोबर आलं की तो बराचसा बरोबर येतो. फक्त तापमान थोडं जरी चुकलं तरी उत्तर फार चुकतं. काजळीची गोष्ट अवघड. ज्वाळेच्या पोटात काजळी भरपूर तयार होते आणि तिच्यातली बहुतेक सिलिंडरमध्येच जळूनही जाते. बाहेर येते ती शिल्लक. दोन मोठ्या आकड्यांतली छोटी वजाबाकी. हे मात्र मला लगेच कळलं. लाखाची आवक आणि नव्याण्णव हजार नऊशेचा खर्च, यात खर्चाचा अंदाज एक टक्क्याने चुकला तर शंभराची शिल्लक कुठल्या कुठे जाते! म्हणून काजळीच्या प्रोग्रॅमना आजही मोजमापांशी ताडून आकडे बसवावे लागतात.

आणि आत काय घडतं हे मुळात बघितल्याशिवाय मोजणार तरी काय? ते बघितलं गेलं कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला, सँडिया प्रयोगशाळेत. इंजिनाला काचेच्या खिडक्या बसवून लेझरच्या उजेडात जळत्या फवाऱ्याची चित्रं घेतली गेली. जॉन डेक यांनी १९९७ मध्ये ती सगळी जुळवून दाखवली, तेव्हा काजळी कुठे जन्मते याबद्दलच्या जुन्या कल्पना बदलल्या. त्या प्रयोगाचं इंजिन मूळचं कमिन्सच्याच घराण्यातलं होतं. सॉसलिटोपासून लिव्हरमोर मोटरीने तासाभराचं. क्लेसी आणखी तीस वर्षं जगला असता तर हा माणूस त्या खिडकीसमोरून उठला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२००७ मध्ये डॉज रॅम पिकअपमध्ये आलेलं कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन हे संगणकाच्या हिशेबावरच आखलं गेलं आणि प्रत्यक्ष चाचण्या मुख्यतः खात्री करून घ्यायला झाल्या, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अभिमानाने सांगितलं आहे. २०१० ची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा त्याने तीन वर्षं आधीच गाठली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण दुसरी बाजूही याच गावाची आहे. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने सात इंजिन कंपन्यांवर ठपका ठेवला, त्यांत कमिन्स होती. आरोप असा की प्रयोगशाळेतल्या परीक्षेत इंजिन मर्यादेत राहायचं, पण हायवेवर एकसारखं चालू लागलं की त्यातला संगणक इंधन आधी सोडायचा. मायलेज वाढायचं आणि नायट्रोजन ऑक्साइडही. तीच क्लेसीच्या वेळची ओढाताण, फक्त आता ती प्रोग्रॅममध्ये लिहिलेली. सगळ्या कंपन्यांचं मिळून प्रकरण एक अब्ज डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये रॅम पिकअपच्याच, २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० गाड्यांतल्या प्रोग्रॅमवरून कमिन्सवर १ अब्ज ६७.५ कोटी डॉलरचा दंड ठरला. स्वच्छ हवेच्या कायद्याखाली झालेला हा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. कंपनीने गैरकृत्याची कबुली न देता तडजोड केली.

यावर आमचे स्नेही थोडे अवघडले. साहजिक आहे, घर त्याच पगारावर चालतं आणि त्यांचं स्वतःचं काम प्रामाणिक आहे. ते म्हणाले की हल्ली मोजमापाची पेटी ट्रकवरच बांधून रस्त्यावर नेतात. संगणकाने सांगितलेलं, प्रयोगशाळेत मोजलेलं आणि रस्त्यावर निघालेलं, असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतात. तिन्ही जुळले तर सोमवारी शांत झोप लागते.

कोलंबसला गेलात तर फिफ्थ स्ट्रीटवर आयर्विनसाहेबांचं घर आणि त्याची बाग अजून आहे. क्लेसीने नाताळच्या दिवशी साहेबांना फिरवून आणलं ते याच गावात.